बाया कर्वे : बायको, आई, आजी



व्याख्यानमालेतलं आजचं पुष्प ज्या आजींच्या स्मरणार्थ गुंफलं जातं, त्यांच्या मुली, सुना आणि नातवंडं समोर पहिल्या रांगेत बसलेली आहेत. विषय निवडायची मोकळीक त्यांनी मला दिली आणि एकच इच्छा सांगितली : संसार करून, मुलं-नातवंडं वाढवून, भरपूर आयुष्य जगून गेलेल्या एखाद्या बाईविषयी बोला. कर्तबगार स्त्रियांवर व्याख्यानं पुष्कळ होतात, आमची आई घरचीच बाई होती, असं तिच्या मुलीनं मला फोनवर सांगितलं. ते ऐकलं तेव्हाच माझ्या मनात नाव पक्कं झालं. मी आज बाया कर्वे यांच्याविषयी बोलणार आहे.

महर्षी धोंडो केशव कर्वे म्हणजे अण्णासाहेब यांची ही दुसरी पत्नी. माहेरचं नाव गोदूबाई, लग्नातलं नाव आनंदी, आणि घरातलं व पुढे साऱ्या गावाचं नाव बाया. जन्म १८६५च्या सुमाराचा, कोकणात देवरुखचा. मृत्यू १९५० साली. म्हणजे पंचाऐंशीच्या घरातलं आयुष्य. त्यातली सत्तावन्न वर्षं त्या कुणाच्या तरी पत्नी होत्या, जवळजवळ तेवढीच वर्षं आई होत्या आणि शेवटची वीसेक वर्षं आजी. आपल्यापैकी कितीतरी घरांतल्या बायकांचा हाच हिशेब निघेल. पण गोदूबाईंच्या बाबतीत यातलं एकही नातं ठरलेलं नव्हतं. त्यांना आठव्या वर्षीच सांगून टाकण्यात आलं होतं की, तुला यापुढे नवरा नाही, मूल नाही आणि म्हणून नातवंडंही नाहीत. ही तीनही नाती त्यांना नंतर मिळाली, आणि प्रत्येकाची किंमत मोजून मिळाली. ती किंमत कुणी मोजली, हे मला आज सांगायचं आहे. कारण इतिहासात ती अण्णासाहेबांच्या नावावर मांडलेली आहे, आणि त्यांनी मोजली हे खरंही आहे. पण पुरतं खरं नाही.

देवरुखच्या जोश्यांची ही मुलगी. वडील बाळकृष्णपंत. आठव्या वर्षी नातूंच्या घरात लग्न झालं आणि काही महिन्यांतच नवरा गेला. मुलगी सासरी कामाला राहिली. कोकणातल्या शेतकरी ब्राह्मण घरातलं काम म्हणजे शेण, गोठा, लावणी, कांडण, विहिरीचं पाणी. मोठी झाल्यावर केशवपन झालं.

केशवपन हा शब्द आता पुस्तकी झाला आहे. मला तो तसा वाटत नाही, कारण मी तो पाहिलेला आहे. माझ्या आजोबांची धाकटी बहीण आमच्याच घरात असायची. आम्ही मुलं तिला माई म्हणायचो. आलवणाचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. ठरलेल्या दिवशी न्हावी परसदारी यायचा आणि ती विहिरीमागे जाऊन बसायची. आम्हाला तिकडे फिरकू देत नसत. जेवण दिवसातून एकदा, संध्याकाळी फार तर मूठभर भाजके पोहे. घरात कुणी बाळंतीण आली की मात्र सगळा कारभार माईचा. डिंकाचे लाडू तिनं वळायचे, बाळाला पायावर घेऊन तिनं न्हाऊ घालायचं, शेगडीवर ओवा-बाळंतशोपा टाकून धुरी तिनं द्यायची, रात्री मूल रडलं तर तिनंच मांडीवर घेऊन बसायचं. आणि बाराव्या दिवशी पाळणा सजला, बायका जमल्या की माई आपण होऊन कोठीच्या खोलीत जायची आणि दार ओढून घ्यायची. तिला कुणी जा म्हणत नसे. म्हणायची वेळच तिनं कधी येऊ दिली नाही. आतून घुगऱ्यांचं ताट मात्र वेळेवर बाहेर यायचं. एवढ्या मुलांना न्हाऊ घातलेली ही बाई एकाही बारशाला नव्हती.

गोदूबाई जोश्यांची माई व्हायची होती. तिच्या पिढीतल्या, तिच्या जातीतल्या बालविधवांचं दुसरं काही होत नसे. तसं झालं नाही याचं पहिलं श्रेय मी तिच्या भावाला देते. नरहरपंत जोशी मुंबईला शिकायला होते. मुरुडहून आलेले कर्वे त्यांचे मित्र, आणि मुंबईत दोघांचं बिऱ्हाड एकत्र. नरहरपंतांनी बहिणीला मुंबईला आणलं. त्याच सुमाराला पंडिता रमाबाई अमेरिकेहून परतल्या होत्या आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं. स्वतः विधवा, लहानग्या मुलीची आई, संस्कृतची पंडिता, आणि आता ख्रिस्ती झालेली बाई. तिच्याकडे आपली विधवा बहीण पाठवायला त्या काळच्या कोकणस्थ भावाला छाती लागत होती. सदनात दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई जोशी. वय चोविशीच्या आसपास. त्या वयात अक्षरं गिरवायला बसायचं. ज्या वयात तिच्या बरोबरीच्या मुली तिसऱ्या-चौथ्या बाळंतपणाला माहेरी जात होत्या, त्या वयात ही पाटीवर मुळाक्षरं काढत होती. पुढच्या वर्षी सदन पुण्याला हललं, त्याच्याबरोबर गोदूबाईही पुण्याला आल्या. डोक्यावर केस वाढू लागले.

इकडे १८९१ साली कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली. मागे मुलगा रघुनाथ, नऊ वर्षांचा. त्याच वर्षी कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला पुण्याला आले. तेहतिशीतला बिजवर प्रोफेसर. मुलींच्या बापांची रांग लागली असती, आणि त्या मुलींचं वय बारा-तेरापलीकडे नसतं. कर्व्यांनी ठरवलं होतं की करीन तर विधवेशी. बाळकृष्णपंतांकडे त्यांनी तसं बोलणं काढलं आणि देवरुखच्या त्या जुन्या वळणाच्या भिक्षुकी गावातल्या बापानं आपली विधवा मुलगी द्यायला होकार दिला. मला या माणसाविषयी फार आदर वाटतो. कर्व्यांची चरित्रं पुष्कळ झाली, पण परत कोकणात जाऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडाला तोंड द्यायचं होतं ते या बापाला, आणि त्याच्यावर कुणी दोन पानंही लिहिली नाहीत.

लग्न लागलं ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात. शारदा सदन उघडल्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षं होत होती. नवरी अठ्ठाविशीची. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा सदतीस वर्षं झाली होती. १८५६ सालीच सरकारनं असं लग्न कायदेशीर ठरवलं होतं. कायद्यानं लग्न लागतं, पंगतीला पान मांडलं जात नाही. कर्व्यांच्या मुरुड गावानं बैठक घेऊन ठराव केला : ज्या सभेला कर्वे असतील तिथे कुणी बसायचं नाही, आणि गावी आल्यावर आईनं त्यांना घरात ठेवून घेतलं तर आईच्या घरालाही वाळीत टाकायचं. मुलाला जेवू घालायचं तर आईनं गाव सोडायचं. कर्वे मुरुडला जात तेव्हा वेगळे उतरत.

हे ठराव, हे बहिष्कार अण्णासाहेबांच्या ‘आत्मवृत्ता’त आहेत, त्यांच्या स्वभावाप्रमाणे अगदी निर्विकार शब्दांत. पण बहिष्काराचा दिवसाकाठचा भार घरात असणाऱ्या बाईवर पडतो, हे त्या पानांतून सहज लक्षात येत नाही. कर्वे सकाळी कॉलेजात जात. तिथे आगरकर होते, गोखले होते, सुधारकी विचारांचे सहकारी होते. त्यांना बोलायला माणसं होती. बायांनी मात्र दिवस काढायचा तो शेजारात. विहिरीवर, देवळात, वाड्याच्या चौकात. हळदीकुंकवाला कोण बोलावणार? आपण बोलावलं तर कोण येणार? स्वयंपाकाला बाई ठेवायची तर पुनर्विवाहितेच्या घरची भांडी घासायला कोण तयार होणार? आणि त्यातच पहिलं बाळंतपण. लग्नानंतर शंकर झाला, मग १८९९ साली दिनकर, मग भास्कर. ज्या बाईनं कुणाच्या तरी बाळंतिणीची शेगडी पेटवायची एवढंच समाजानं ठरवून ठेवलं होतं, ती स्वतः बाळंतीण झाली.

१८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. जागा गोखले नावाच्या एका निवृत्त गृहस्थांनी दिली. आज ज्याला आपण कर्वेनगर म्हणतो तिथे तेव्हा नुसतं माळरान होतं, आणि त्यावर एक झोपडी. कॉलेज सुटलं की अण्णासाहेब पायी हिंगण्याला जात, पावसाळ्यात चिखल तुडवत, पाठीवर सामान घेऊन. हे चित्र शाळेच्या पुस्तकातून आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. गावात, ज्या घरातून ते निघत, त्या घराचं चित्र मात्र कुणी काढलेलं नाही. तिथे दिवेलागणीला बाया आणि मुलं असत. पगारातला मोठा वाटा संस्थांकडे गेलेला असे. पाच हजारांची आयुर्विम्याची पॉलिसी, म्हणजे नवऱ्याचं काही बरंवाईट झालं तर बायको-मुलांच्या हाती येणारी एकमेव पुंजी, तीही अण्णासाहेबांनी आश्रमाच्या नावानं करून टाकली होती.

बाया यावर गप्प बसल्या नाहीत. त्यांचं स्वतःचं आत्मकथन आहे, ‘माझे पुराण’ नावाचं. त्यात पैशावरून झालेली कुरबूर, मुलांच्या पोटाला चिमटा घेऊन संस्थेला देण्यावरचा राग हे सगळं स्पष्ट आहे. मला हा राग फार मोलाचा वाटतो. थोर माणसाची बायको म्हणजे त्याच्या त्यागात मुकाट्यानं वाटेकरी होणारी साध्वी, असं चित्र रंगवायची आपल्याला सवय आहे. बाया भांडल्या. ज्यांना एकदा सगळं गमवावं लागलेलं असतं, त्यांना उद्याची धास्ती दुसऱ्या कुणापेक्षाही जास्त असते. नवरा मेल्यावर बाईचं काय होतं हे अण्णासाहेबांनी पाहिलं होतं; बायांनी भोगलं होतं. दुसऱ्यांदा ते भोगायची वेळ आली, तर यावेळी पदरात तीन पोरं असणार होती. पॉलिसीवरचं ते भांडण मी या जाणिवेनं वाचते.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती सांगताना मला दर वेळी त्रास होतो. विधवांच्या शिक्षणाला लोकांचा पाठिंबा हवा, तर विधवाविवाहाचा वास त्या संस्थेला येता कामा नये, असं कर्व्यांनी ठरवलं. लग्नाच्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी सुरू केली होती. पुढे तिच्या कामातून ते बाजूला झाले. आश्रमात मुलींना शिकवू, त्यांची लग्नं लावणार नाही, असं आश्वासन सनातनी बापांना हवं होतं. याचा परिणाम असा झाला, की ज्या आश्रमाच्या उभारणीला बायांच्या घराचा घास गेला, त्या आश्रमात बायांना कार्यकर्ती म्हणून सरळ स्थान नव्हतं. त्या पुनर्विवाहिता होत्या. आश्रमातल्या सोवळ्यातल्या बायका त्यांच्या पंगतीला बसत नसत. विधवांसाठी काढलेल्या संस्थेत एक पूर्वीची विधवा अस्पृश्य ठरत होती, आणि ती संस्थापकाची बायको होती.

अण्णासाहेब चुकले का? मला वाटतं, नाही. वर्गणी देणारे, मुली पाठवणारे, दोघंही सनातनी घरांतले होते. त्यांना बिथरवून एक मुलगीही हिंगण्याला आली नसती. त्या माळरानावर शिकून शेकडो मुली शिक्षिका झाल्या, आपल्या पायावर उभ्या राहिल्या. व्यवहार अण्णासाहेबांच्या बाजूनं होता. पण या व्यवहाराचं देणं एका बाईनं आयुष्यभर फेडलं, आणि तिला त्याबद्दल कुणी विचारलं होतं असं कुठे दिसत नाही.

आणि तरी बाया आश्रमासाठी वर्गणी मागायला दारोदार गेल्या. ज्या संस्थेत पंगतीला बसता येत नाही तिच्यासाठी झोळी घेऊन फिरायचं! एक रुपया, चार आणे, पसाभर तांदूळ, जे मिळेल ते. हे त्यांनी का केलं असेल याचा मी पुष्कळ विचार केलेला आहे. नवऱ्यावरचं प्रेम म्हणा, पण तेवढ्यानं भागत नाही. मला वाटतं, हिंगण्याच्या झोपडीत बसलेल्या प्रत्येक पोरीत त्यांना गोदूच दिसत असणार. पंगतीचं त्या मनावर घेत नव्हत्या असं नाही. पुस्तकात ते दुःख आहे. पण मुलीला पाटी मिळणं त्यांना त्याहून मोठं वाटत होतं.

त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले यांच्याशी ताडून पाहिलं की हे आणखी उमगतं. पार्वतीबाईही विधवा झाल्या, पदरात एक मुलगा. त्या पुण्याला बहिणीकडे आल्या, शिकल्या आणि आश्रमाचा कणा झाल्या. त्यांनी पुनर्विवाह केला नाही; पुष्कळ वर्षं सोवळ्यात राहिल्या आणि १९१२ साली केस वाढवायचं ठरवलं. पुढे १९१८ मध्ये एकट्या अमेरिकेला गेल्या, लोकांच्या घरी धुणीभांडी करून इंग्रजी शिकल्या आणि आश्रमासाठी पैसे जमवून परत आल्या. त्यांचंही ‘माझी कहाणी’ हे आत्मकथन आहे. एका आईच्या पोटच्या दोन मुली, दोघी बालपणी किंवा तरुणपणी विधवा झालेल्या. एक आत राहून संस्था चालवते आणि सभांतून भाषणं करते. दुसरी संसार करते म्हणून बाहेर राहते. थोरली घर चालवत होती म्हणून धाकटी संस्था चालवू शकली. आणि उलटही झालं, ते मला विशेष आवडतं. बायांच्या मनानं एकदा घेतलं की आपण काहीतरी शिकून स्वतःची मिळकत उभी करावी. त्या नागपूरला गेल्या, सुईणीचं शिक्षण घ्यायला. प्रोफेसरची बायको, मुलंबाळं असलेली, दुसऱ्या गावी दवाखान्यात राहून सुईणीचं काम शिकते, हे त्या काळात ऐकूनच लोकांनी तोंडात बोट घातलं असेल. आणि त्या नागपूरला असताना पुण्यातलं घर, मुलं, अण्णासाहेब, सगळं पार्वतीबाईंनी सांभाळलं. कुणाच्या आयुष्यात कोण राबलं याचा हिशेब या दोघी बहिणींच्या बाबतीत लावू गेलं तर लागत नाही.

मुलांविषयी थोडं सांगते. थोरला रघुनाथ सावत्र. लग्नाच्या वेळी तो अकरा वर्षांचा होता, आई जाऊन जेमतेम दीड-दोन वर्षं झालेली, सगळं कळणारं वय. हा मुलगा पुढे मॅट्रिकला पहिला आला, गणिताचा प्रोफेसर झाला आणि मग संततिनियमनाच्या प्रचारापायी नोकरीवर पाणी सोडून बसला. र. धों. कर्वे म्हणून आपण त्यांना ओळखतो. १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले सोसले, दंड भरले. शंकर डॉक्टर झाला आणि आफ्रिकेत, केनियात जाऊन राहिला. दिनकर रसायनशास्त्रज्ञ झाला, फर्ग्युसनचा प्राचार्य झाला. भास्कर हिंगण्याच्या संस्थेच्या कामातच राहिला. चार मुलगे, चार दिशा, आणि कुणीही कुणासारखा नाही. बापाच्या कीर्तीखाली खुरटलेली मुलं आपण पुष्कळ पाहतो. या घरात ते झालं नाही. यात आईचा वाटा किती, हे मोजायला माझ्याकडे काही नाही. पण ज्या घरात आई नवऱ्याला तोंडावर सांगते की तुमचं हे मला पटलेलं नाही, त्या घरातली मुलं आपलं मत धरून उभी राहायला शिकतात, असं मला माझ्या आजूबाजूच्या घरांवरून वाटतं.

सुनांमध्ये मालतीबाई, रघुनाथरावांच्या पत्नी. नवऱ्याचं मासिक तोट्यात चालत असताना स्वतः नोकरी करून घर चालवणाऱ्या. सासूचं जे भोगणं, तेच जवळजवळ सुनेच्या वाट्याला आलं. दुसऱ्या इरावतीबाई, दिनकररावांच्या पत्नी, ज्यांना आपण मानववंशशास्त्रज्ञ आणि ललित लेखिका म्हणून ओळखतो. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या आणि डॉक्टरेट घेऊन आल्या. सासूचं डोकं न्हाव्यापुढे वाकलेलं, आणि सून जर्मनीत पीएच.डी.ला, मध्ये अंतर एका पिढीचं. इरावतीबाईंनी आपल्या सासऱ्यांवर एक लेख लिहिला आहे, आदरानं भरलेला आणि तितकाच निर्भीड. अशा सासऱ्याची सून होणं आपल्याला भावलं, पण त्यांच्या पत्नीची जागा मात्र आपल्याला नको होती, अशी कबुली त्या मोकळेपणानं देतात. हे लिहायला सुनेला सासूकडे डोळे उघडे ठेवून पाहावं लागलं असणार. तिसऱ्या कावेरीबाई, भास्कररावांच्या पत्नी. त्यांच्याकडे शेवटी येते.

नातवंडांपैकी तिघांची नावं तुम्हाला माहीत आहेत. जाई निंबकर, इंग्रजीत कादंबऱ्या लिहिणाऱ्या. आनंद कर्वे, ग्रामीण तंत्रज्ञानात आयुष्य घातलेले. आणि गौरी देशपांडे, जिच्या कथा-कादंबऱ्यांतल्या बायका आपल्या मनाप्रमाणे जगायचा हक्क मागतात आणि त्याचे परिणामही भोगतात. आजी गेली तेव्हा गौरी आठ वर्षांची होती. आठ हे वय मी मुद्दाम सांगते. त्याच वयात गोदूचं लग्न झालं होतं आणि तिचं कुंकू पुसलं गेलं होतं. नातीला त्या वयात शाळेत जायचं होतं, खेळायचं होतं, आणि घरात पुस्तकांनी भरलेली कपाटं होती. नातवंडांना आजीचं जुनं आयुष्य कितपत ठाऊक होतं, मी सांगू शकत नाही. बहुधा नसावं. लहान मुलांना आजी जन्मापासून आजीच असते. तिला आजी होण्याची मनाई होती हे त्यांच्या डोक्यात कुठून येणार? समोर बसलेल्या या घरच्या मंडळींना मी एवढंच विचारीन, तुमच्या आजीला कशाकशाची मनाई होती, हे तुम्ही तिला कधी विचारलं होतं का? विचारलं असेल तर ते लिहून काढा. तिच्या मुली आज सांगू शकतात. आणखी वीस वर्षांनी ते सांगणारं कुणी नसेल.

१९५० साली बाया गेल्या. अण्णासाहेब त्यांच्या मागे बारा वर्षं जगले, एकशे चार वर्षांचे होऊन १९६२ मध्ये गेले. शताब्दीच्या वर्षी, १९५८ साली, त्यांना भारतरत्न मिळालं आणि त्यांच्या चित्राचं टपाल तिकीट निघालं. हयात असताना तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. त्या साऱ्या सोहळ्यात बाया नव्हत्या. असत्या तर त्यांनी आनंदानं सगळं पाहिलं असतं, आणि जमलेल्या थैलीतलं घरात किती आलं, हेही विचारलं असतं अशी माझी खात्री आहे. आता हिंगण्याच्या संस्थेत त्यांच्या नावानं पुरस्कार दिला जातो. ज्या आश्रमाच्या पंगतीत त्यांचं पान नव्हतं तिथे आज त्यांच्या नावानं समारंभ होतो, तो मी पाहिलेला आहे आणि मला तेव्हा रडू आवरलं नव्हतं.

आता कावेरीबाई. ‘माझे पुराण’ १९४४ साली प्रसिद्ध झालं. बाया तेव्हा ऐंशीच्या जवळ आलेल्या. त्याचं संपादन केलं ते या धाकट्या सुनेनं. सासूनं आपलं सगळं आयुष्य, सासरच्या शेणगोठ्यापासून नवऱ्याशी झालेल्या भांडणापर्यंत, सुनेपाशी मोकळं केलं आणि सुनेनं ते छापायला दिलं, काही झाकलं नाही. आपल्याकडे सासू-सुनेच्या नात्याविषयी काय काय बोललं जातं ते आपण सगळे जाणतो. या दोघींनी मिळून मराठीला एक पुस्तक दिलं. पुढे दिनकररावांनी पाच मराठी कुटुंबांच्या आठवणींचा एक इंग्रजी ग्रंथ केला, तो १९६३ साली अमेरिकेत छापला गेला. त्यात आपल्या आईच्या या आठवणी त्यांनी घातल्या. म्हणजे मुलगा आणि सून दोघांनीही तिचं म्हणणं पुढे नेलं.

या पुस्तकाची भाषा देवरुखच्या बाईची आहे. वाक्यं छोटी, नटवेपणा नाही, रडगाणंही नाही. जिथे राग आला तिथे राग आहे, जिथे हसू आलं तिथे हसू. चोविसाव्या वर्षी मुळाक्षरं शिकलेल्या बाईचं हे लेखन आहे हे वाचताना माझ्या मनातून जात नाही.

माझी तुम्हाला विनंती आहे. अण्णासाहेबांचं ‘आत्मवृत्त’ आणि बायांचं ‘माझे पुराण’ एकामागोमाग वाचा. मी तसं केलं तेव्हा दोन्ही पुस्तकं शेजारी उघडी ठेवून वाचत होते, आणि एकाच प्रसंगाला दोघांनी काय म्हटलं आहे ते पाहत होते. आजचं माझं बोलणं बहुतेक त्या वाचनातूनच आलं आहे. आपल्या ग्रंथालयाच्या कार्यवाहांशी मी बोलले आहे. त्यांनी दोन्ही पुस्तकं मिळवून ठेवायचं कबूल केलं आहे. घरातल्या वयस्क बायकांसाठी ती मोठ्यानं वाचून दाखवली तर उत्तम. त्यांना मध्येच काही सांगावंसं वाटेल. ते त्यांना सांगू द्या, पुस्तक तोपर्यंत थांबेल.